सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत प्रवेश : कागदपत्रांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचीला बारावीनंतर सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत पदवीसाठी अर्ज करायचाय. के-ड्रामाचं खूळ असेल म्हणून आम्ही आधी हसलो, पण पोरीने विद्यापीठाचा इतिहासच ऐकवला. जपानी राजवटीत 1924 साली निघालेलं केजो इम्पीरियल विद्यापीठ, स्वातंत्र्यानंतर 1946 मध्ये ते आणि इतर कॉलेजं एकत्र करून उभं राहिलेलं हे राष्ट्रीय विद्यापीठ, त्या विलीनीकरणाविरुद्ध पेटलेलं विद्यार्थी आंदोलन, 1975 मधलं ग्वानाक डोंगराखालचं स्थलांतर... सगळं तोंडपाठ!

तिथली मुलं नोव्हेंबरात 'सुनुंग' ही विद्यापीठ प्रवेश परीक्षा देतात. परदेशी विद्यार्थ्यांची प्रक्रिया वेगळी, त्यात कागदपत्रांवरच भर. आई-वडील दोघंही कोरियन नागरिक नकोत आणि त्यांच्याशी असलेलं नातंही कागदावर सिद्ध करायचं. घोडं इथेच अडलंय. जन्मदाखला मराठीत, त्यावर आईचं नुसतं नाव. पासपोर्टवर मात्र पूर्ण नाव, शिवाय स्पेलिंग निराळं. प्रतिज्ञापत्र चालतं, की नगरपालिकेतून दाखलाच दुरुस्त करून घ्यावा? अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी साक्षांकन) मूळ दाखल्यावर घ्यायचं की इंग्रजी भाषांतरावर?

दुसरं म्हणजे, तिथलं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि आपला बारावीचा निकाल मे-जूनमध्ये. सप्टेंबरच्या सत्रासाठी निकालाआधी बोनाफाइडवर कुणी अर्ज केलाय का, की सरळ पुढचा मार्च धरावा?

कोरियन सरकारच्या जीकेएस शिष्यवृत्तीवर गेलेलं कुणी असेल तर कोरियन भाषा शिकण्याच्या पहिल्या वर्षाबद्दलही सांगा. एजंट नकोय, स्वतः केलेल्यांचाच अनुभव हवाय.