पट्टीवर निल, मशीनवर जास्त

एका ताईंनी विचारलंय की काकांच्या लघवीची पट्टी 'निल' आली आणि त्याच नमुन्यात मशीनने प्रोटीन भरपूर दाखवलं, तर खोटं कोण? बहुधा कुणीच नाही. पट्टीवरचा रंग मुख्यतः अल्ब्युमिनमुळे, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रोटीनमुळे बदलतो. मायलोमात (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) लघवीतून जाणाऱ्या हलक्या साखळ्या, म्हणजे अँटिबॉडीचे छोटे तुकडे, पट्टीला जवळपास दिसतच नाहीत. त्याच लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्ल टाका, नळीमागे छापील कागद धरा. अक्षरं पुसट झाली तर प्रोटीन आहे. असा फरक आला की इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल (विजेच्या साहाय्याने प्रोटीन वेगवेगळी करून पाहणारी तपासणी) डॉक्टरांना जरूर विचारा, मुकाट्याने रिपोर्ट फाइलला लावू नका.

प्रोटीन मोजायला 'सगळीकडे बाययुरेटच चालतं' असं कुणी म्हणतं, ते मात्र पटलं नाही. बाययुरेट ही रंगावरून प्रोटीन मोजायची पद्धत. क्षारी द्रावणात तांबं पेप्टाइड बंधांशी जुळून जांभळा रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला मोजतात. रक्तासाठी उत्तम, कारण सीरममध्ये प्रोटीन ६ ते ८ ग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं तर तिथे जेमतेम १५ ते ४५ मिलिग्रॅम! तिथे पायरोगॅलॉल रेड या रंगद्रव्यासारख्या जास्त संवेदनशील पद्धती हव्यात. शिवाय तो नमुना काढताना रक्त मिसळलं तर आकडा उगाच फुगतो.

आणि आमच्या इंदूरकरांसाठी: टोटल प्रोटीनला उपाशीपोटाची सक्ती नसते, पण पोहे-जिलेबी हाणून थेट लॅब गाठू नका. तेलकट खाण्यानंतर सीरम दुधाळ दिसू शकतं आणि सीरमचा ब्लँक (रंग आणणारं रसायन न घालता घेतलेलं, वजा करायचं मोजमाप) वेगळा लावला नाही तर बाययुरेटचा आकडा वर सरकतो.