मदत हवी आहे: पाळी थांबल्याचं नेमकं वय कोणतं धरू?

नमस्कार मंडळी. इंदूरच्या रामबागेत पीएचडीसाठी बायकांच्या रजोनिवृत्तीची काही वर्षं नोंद ठेवतेय. पहिल्या फेरीत एका काकूंनी पाळी 47व्या वर्षी थांबली म्हणून सांगितलं, यंदा म्हणतात 50! अशा कितीतरी जणी. जुनं उत्तर धरू की नवं?

शिवाय बऱ्याच जणी मुलाकडे पुण्याला गेल्या, नंबर बदलले. उरल्या त्या रोज फिरायला जाणाऱ्या, धट्ट्याकट्ट्या. मग निष्कर्ष गोडच येणार ना? अमेरिकेत 1976 पासून एका आरोग्य-अभ्यासासाठी परिचारिकांना दर 2 वर्षांनी प्रश्नावली जाते, पण त्यांचा नोंदणीचा पत्ता तरी होता. इथे सूनबाईच फोन उचलतात.

गळालेल्यांचा हिशेब कसा लावता? कोणी केलंय का असं काम?