मदत हवी आहे: परस्परसंमतीच्या घटस्फोटात नवऱ्याच्या पीएफमधला हिस्सा कसा पक्का करून घ्यावा?

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, वय ५१. यजमान पहिल्यापासून पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला असून त्यांच्या निवृत्तीला चार वर्षे आहेत. दोन वर्षांपासून आम्ही वेगळे राहतो आणि आता हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीने अर्ज करायचे ठरले आहे. भांडण उरलेले नाही. पैशाचा प्रश्न मात्र उरला आहे.

मी २००४ पर्यंत एका खासगी शाळेत शिकवत होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मुलगी लहान होती, म्हणून नोकरी सोडली, आणि माझ्या पीएफचे जे काही पैसे हाती आले ते फ्लॅट घेताना भरले. फ्लॅट यजमानांच्या एकट्याच्या नावावर आहे. म्हातारपणासाठी म्हणावी अशी माझ्याकडे पोस्टातली एक आरडी आहे, बाकी काही नाही. त्यांचा पीएफ मात्र मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के दराने महिन्यामागून महिना साठत गेला, आणि ते साठू शकले कारण घर मी सांभाळत होते, असे मी मनापासून मानते.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना त्यांचा नामनिर्देशनाचा जुना फॉर्म सापडला. निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात सासूबाईंचे नाव, आणि तारीख आमच्या लग्नाच्या आधीची. लग्नाआधीचे नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होते, हे वकिलांनी सांगितले तेव्हा कळले. नवा फॉर्म कधी भरलाच गेला नाही. पण घटस्फोटानंतर मी त्यांच्या कुटुंबाच्या व्याख्येतच बसणार नाही, त्यामुळे आता नॉमिनी होऊन उपयोग नाही. १९९५ च्या पेन्शन योजनेतले विधवा निवृत्तिवेतनही घटस्फोटित पत्नीला मिळत नाही.

वकिलांनी आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. लग्नानंतर जमलेल्या मालमत्तेची निम्मी-निम्मी वाटणी आपल्या कायद्यात नाही. कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी ठरते आणि त्यात दोघांचे उत्पन्न व मालमत्ता पाहिली जाते. शिवाय सभासदाच्या पीएफ खात्यातल्या रकमेवर जप्ती आणता येत नाही, हे संरक्षण १९५२ च्या कायद्यापासून आहे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते, म्हणून पीएफची शिल्लक निदान कागदावर यावी, एवढा आग्रह मी धरला आहे.

यजमान म्हणतात, ‘रिटायर झालो की अर्धे देईन.’ ते शब्द फिरवणारे नाहीत. पण चार वर्षांत त्यांचे काही बरेवाईट झाले किंवा त्यांनी दुसरा संसार मांडला, तर तोंडी शब्दावर मी कोणाकडे जाऊ? म्हणून पीएफवरचा हक्क सोडून त्याऐवजी फ्लॅट माझ्या नावावर करून घ्यावा, असे मला वाटते.

ज्यांनी असे केले आहे त्यांनी कृपया सांगावे: संमतीच्या अटींत ही अदलाबदल कोणत्या शब्दांत लिहिली होती? फ्लॅटचे हस्तांतरण दुसऱ्या सुनावणीच्या आधी पूर्ण करून घेतले की नंतर, आणि नोंदणीसाठी वेगळा दस्त करावा लागला का? पुढच्या महिन्यात अर्ज दाखल होणार आहे, त्याआधी मसुद्यात हे नीट लिहून घ्यायचे आहे.