मदत हवी आहे : टेबल सॉवर साग करपतो, कापावर वळ उठतात, मायकाचे टवके जातात

चौकट :
नमस्कार मंडळी. मशीन, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत, 10 इंची आहे. बिडाचं टेबल, 2 एचपी सिंगल फेज मोटर, बेल्टवर चालणारी. गाळा गोरेगावला.

25 मि.मी. जाडीची सागाची फळी उभी चिरली की फेन्सकडची (फळी सरळ नेणाऱ्या आडोशाकडची) बाजू पट्ट्यापट्ट्याने करपते. शिवाय पूर्ण लांबीभर ठराविक अंतरावर वळ उठतात. बोटाने लागतात, 80 च्या पॉलिश पेपरनेही लवकर जात नाहीत. सकाळचे पहिले काप सगळ्यात वाईट येतात. 18 मि.मी. प्लायला दोन्ही बाजूंनी मायका असेल तर खालच्या बाजूचे टवके उडतात.

40 दातांचं पातं होतं, ते काढून 60 दातांचं नवं बसवलं. करपणं उलट वाढलं. आता 80 दातांचं घ्यावं का?

पाचर :
80 चं अजिबात घेऊ नका. उभ्या कापात भुशाच्या लांब तारा निघतात आणि त्या दातांमधल्या खोबणीत मावाव्या लागतात. दात जास्त म्हणजे खोबणी लहान. भुसा बाहेर पडत नाही, तिथेच घासत राहतो आणि लाकूड करपतं. उभ्या चिरेला 24 दात, फार तर 30. साठचं पातं आडव्या कापाला आणि मायकाला ठेवा.

पण तीन दुखणी एकत्र सांगितलीत आणि तिघांची कारणं वेगळी असणार. आधी एवढं कळवा :

पात्यावर कोरलेले आकडे. पात्यामागचा रायव्हिंग नाइफ (फट मिटू न देणारा पत्रा) आहे का, त्यावरचा आकडा काय? दहा वळांमधलं एकूण अंतर स्केलने मोजा, एकाचं नको, चूक फार येते. एक फळी किती सेकंदांत ढकलता? दोन्ही पुलींचा व्यास आणि बेल्टचा नंबर.

आणि कापलेली फळी टेबलावर जशी होती तशीच धरून उजेडात तिरकी बघा. वळाचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलंय की पलीकडे?

चौकट :
पात्यावर 254 × 2.2/1.6 × 30, 60 दात. पात्याचं भोक 30 चं, मशीनचा शाफ्ट 25.4 चा, म्हणून मध्ये रिंग आहे. नाइफवर 2.5. पण नवं पातं लावल्यापासून फळी नाइफवर अडायला लागली म्हणून तो काढून ठेवलाय.
दहा वळांचं अंतर 38 मि.मी. अडीच फुटी फळीला साधारण 15 सेकंद. मोटर 2880 आरपीएम, तिची पुली 90 मि.मी., पात्याकडची 64 मि.मी. बेल्ट ए-38.
वरचं टोक माझ्याकडे झुकलेलं आहे, फेन्सच्या बाजूवर.

पाचर :
नाइफ काढलात ते आधी निस्तरा. 2.2 म्हणजे दाताची रुंदी, म्हणजेच कापाची रुंदी. 1.6 ही पात्याच्या पत्र्याची जाडी. 2.2 च्या फटीत 2.5 चा नाइफ जाणारच कसा? नाइफ पत्र्यापेक्षा जाड आणि कापापेक्षा बारीक लागतो. तुमच्या नाइफला 2.8/1.8 किंवा 3.2/2.2 असं पातं चालेल.
फळी अडत होती म्हणजे मशीन तुम्हाला पातं चुकल्याचंच सांगत होतं. नाइफशिवाय साग चिरू नका. आतला ताण सुटला की फट मिटते, लाकूड पात्याच्या मागच्या दातांवर चढतं आणि फळी उसळून अंगावर येते. आपल्याकडे हाताने चिरताना फटीत पाचर मारतात ना, नाइफचं काम तेच. पावसाळ्यात दमट झालेल्या फळीत हे जास्त होतं.

मीटरगेज :
वळांचा हिशोब करून टाकतो, इथे मजा आहे.

पात्याचा वेग 2880 × 90 ÷ 64, म्हणजे अंदाजे 4050 फेरे मिनिटाला. अडीच फूट 15 सेकंदांत म्हणजे मिनिटाला 3 मीटर. एका फेऱ्यात फळी 0.75 मि.मी. सरकते. दोष पात्याचा असता, म्हणजे एक दात बाहेर आलाय किंवा पातं डुलतंय, तर वळ 0.75 मि.मी. वर उठले असते. तुमचे 3.8 वर आहेत, पाच फेऱ्यांना एक.

पाच फेऱ्यांना एकदा काय फिरतं? बेल्ट. 64 च्या पुलीचा घेर 200 मि.मी., ए-38 ची लांबी साधारण 1000 मि.मी. मशीन बरेच दिवस ताणलेल्या अवस्थेत बंद राहिलं की बेल्टला पुलीचा बाक बसतो आणि तो उंचवटा प्रत्येक फेरीला धक्का देतो. सकाळचे काप वाईट येतात ते यामुळेच, बेल्ट तापला की थोडा सैलावतो. खात्री करायची तर मशीन दहा मिनिटं मोकळं चालवा आणि मग एक काप घ्या. वळ फिके पडले तर बेल्टच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ए-38 कुठेही मिळेल. बसवताना दोन्ही पुलींवर सरळ पट्टी ठेवून त्या एका रेषेत आहेत का बघा.

करपण्याचं कारण मात्र वेगळं. वरचं टोक तुमच्याकडे झुकलंय म्हणजे तो वळ मागच्या, वर येणाऱ्या दातांनी काढलाय. पुढचे दात काढतात तो पलीकडे झुकतो. फेन्सच्या बाजूला मागचे दात घासतायत, म्हणजे पात्याच्या मागच्या टोकाशी फेन्स आत येतोय किंवा पातंच तिरकं आहे.

क्रम चुकवू नका : आधी पातं मायटर खाचेला, म्हणजे टेबलातल्या लांब खाचेला, समांतर, मग फेन्स खाचेला. उलट केलंत तर दोनदा करावं लागेल.

प्लग काढा, स्विच बंद करून भागणार नाही. पातं पूर्ण वर घ्या. खाचेत न हलणारी लाकडी पट्टी बसवा आणि तिच्या टोकाला पात्याकडे तोंड करून स्क्रू लावा. एका दातावर स्केचपेनने खूण करा. तो दात पुढे आणून स्क्रू हलकेच टेकवा. मग तोच दात फिरवून मागे न्या, पट्टीही मागे सरकवा आणि फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) फट मोजा. दात तोच हवा, नाहीतर पात्याचा डुलकेपणा मोजाल. फरक 0.1 मि.मी.च्या आत ठेवा. डायल गेज (काट्याचं मापक) असेल तर उत्तम, बिडाच्या टेबलावर त्याचा मॅग्नेट बसतो. अॅल्युमिनियमवाल्यांनी स्क्रूवरच भागवावं.

फरक जास्त आला तर टेबलाखाली पात्याचा सांगाडा धरणारे चार बोल्ट बघा. तीन सैल करा, एक नावापुरता आवळलेला ठेवा आणि लाकडी हातोडीने टिचक्या मारा. बोल्ट आवळताना सांगाडा पुन्हा सरकतो, त्यामुळे आवळल्यावर परत मोजा. फेन्स मागच्या बाजूला 0.1 ते 0.2 मि.मी. उघडा चालतो, आत आलेला मुळीच नाही.

सागवानी :
25.4 ला 30 ची रिंग म्हटलंत, ती सैल असेल तर पातं मध्यावर बसत नाही. मग साठातले निम्मेच दात काम करतात. रिंग बोटाने दाबून घट्ट बसली पाहिजे, खुळखुळली तर बदला. फ्लँजवर (पातं दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्यांवर) भुसा चिकटलेला असतो तो पुसा. तिथल्या एका कणानेही पात्याचा काठ बराच डुलतो.

आणि साग दातांना फार खातो. लाकडात सिलिका असते आणि तेलकटपणाही, त्याचा काळा थर दाताच्या पाठीवर बसतो आणि पातं बोथट वाटतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, पंधरा मिनिटं, जुना टूथब्रश. लगेच कोरडं करून मशीन ऑइलचं बोट फिरवा, मुंबईच्या हवेत रात्रभरात गंज धरतो. धुऊनही दाताच्या कडेवर उजेडात पांढरी रेघ चमकली तर धार लावायला द्या.
टेबलाला मेण लावा. सिलिकॉनचा स्प्रे नको, पुढे पॉलिशला डोळे (गोल खळगे) पडतात.

पाचर :
राहिले टवके. टेबल सॉवर दात वरून खाली जातात, त्यामुळे खालची बाजूच फुटते. चांगली बाजू वर ठेवा. दोन्ही बाजू दिसणार असतील तर :

पात्याभोवतीची फट बंद करा. पात्याभोवतीची तुमची पट्टी पत्र्याची असेल तर 6 मि.मी. एमडीएफचा तुकडा टेबलावर क्लॅम्प करा आणि चालू पातं सावकाश त्यातून वर काढा. हात आणि क्लॅम्प दोन्ही पात्याच्या रेषेबाहेर. नाइफसाठी मागे खाच आधीच काढून ठेवा. मग पातं खाली घेऊन, म्हणजे प्लायच्या वर जेमतेम दाताएवढं, काप घ्या. पातं जितकं उंच तितके दात सरळ खाली घुसतात आणि मायका फोडतात. तरीही गेले तर आधी फक्त 2 मि.मी. खोल काप, मग फेन्स न हलवता पूर्ण. पातं घेताना टीसीजी दात मागा, एकाआड एक सपाट आणि कोपरे छाटलेला. मायकाला तोच.

चौकट :
फेन्स मागे 0.4 मि.मी. आत होता! पातं 0.15 ने तिरकं. दोन्ही बसवलं, 24 दातांचं 2.8/1.8 आणलं, नाइफ परत लावला. करपणं गेलं. बेल्टही बदलला, वळ गेले. आता फळीच्या मध्यावर एकच आडवी रेघ येते, प्रत्येक फळीला जवळपास त्याच ठिकाणी.

सागवानी :
तिथे हात बदलताय. फळी क्षणभर थांबते आणि पातं जागेवर घासतं. दोन पुश स्टिक (फळी ढकलायच्या काठ्या) वापरा, दुसरी टेकल्यावरच पहिली सोडा. फेदरबोर्ड (फळी फेन्सला दाबून धरणारी दातेरी पट्टी) लावणार असाल तर पात्याच्या आधी. पात्याच्या बाजूला लावलात तर फट दाबली जाऊन पुन्हा करपेल. आणि मागे फळीला आधार द्या, स्टँड टेबलापेक्षा एखादा मि.मी. खाली.