आकलन म्हणजे समजणं की अंदाज? (दहावी मराठी)

सायली_नाशिक: भाचा भोपाळहून आमच्याकडे शिकायला आलाय. घरी मराठी पण शाळा आतापर्यंत हिंदी. मराठीच्या पेपरात उताऱ्याखाली 'आकलन कृती' असतात तर हा म्हणतो मावशी आकलन म्हणजे अंदाज, जे उताऱ्यात दिलंय तेच परत कशाला विचारतील, आणि प्रत्येक उत्तरात स्वतःचं मत घालतो, मार्क जातात. हिंदीत 'नुकसान का आकलन' म्हणतात हे खरंय. मराठीत हा अर्थ कधी होता का?

दौत: मी तरी ऐकला नाही. 'माझ्या आकलनापलीकडचं आहे' म्हणतो तेच आपलं आकलन. पण संस्कृत कल् धातूत मोजणं आहेच, जुन्या गणितात बेरजेला संकलन, वजाबाकीला व्यवकलन. हिंदीने मोजण्याची बाजू धरली, आपण कळण्याची. 'कळणे' पण तिथलंच असं माझं ठाम मत.

पाटीपेन्सिल: सायलीताई, मी दहावीला शिकवते. त्याला एवढंच सांगा, आकलनाचं उत्तर उताऱ्यावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. चौकटी, आकृतिबंध, जोड्या, सगळं तिथूनच. मत स्वमताच्या प्रश्नात, आणि तिथेही नुसतं 'मला आवडलं' नको, का आवडलं ते लिहायचं, उताऱ्यातली एखादी गोष्ट धरून. माझ्या वर्गात नेमकं उलटं, स्वमतात पोरं अख्खा उतारा उतरवून काढतात.

कृष्णाकाठ: उतरवून काढलेला म्हणूनच उतारा ना! आमच्या सांगलीकडे उतारा म्हटलं की आधी सातबारा, तोही मूळ दप्तरातून उतरवलेलाच. विषावरचा उतारा मात्र वेगळा, तिथे विष उतरतं.

शुद्धमती: उताऱ्याचं राहू द्या, 'कृती' कुणी आणली ते सांगा. कृती पदार्थाची असते. 'अ‍ॅक्टिव्हिटी शीट'चं शब्दाला शब्द भाषांतर करून कृतिपत्रिका केली, चांगली प्रश्नपत्रिका होती की.

पाटीपेन्सिल: मुलांच्या तोंडात बसलाय तो शब्द, पुस्तकात आहे, पेपरवर आहे, वापरूनच शब्द आपला होतो. माझं दुखणं 'रसग्रहण'. इतका सुंदर शब्द, आणि मुलं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद पाठ करून कुठल्याही कवितेला चिकटवतात. यमक कुठल्या दोन शब्दांत आहे विचारलं की गप्प.

दौत: मग रसास्वाद म्हणा. बारावीच्या हिंदीत 'रसास्वादन' विचारतात. ग्रहण म्हणजे कुणीतरी दिलेलं घेणं, आस्वाद ज्याचा त्याने घ्यायचा.

शुद्धमती: अजिबात नाही. ग्रह् म्हणजे धरणं, पकडणं, त्यात मेहनत आहे. ओळीत काय आहे ते आधी धरा, मग आस्वाद. आस्वाद म्हटलं की काहीही लिहितील.

दौत: आणि एकच नमुना उत्तर धरून तपासतात ते? बालकवींच्या 'औदुंबर'च्या आठ ओळी, समीक्षकांनी त्यांचे किती वेगवेगळे अर्थ लावले, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने एकच लिहायचा?

कृष्णाकाठ: आमच्या वेळी 'संदर्भासहित स्पष्टीकरण' असायचं. कोण, कुणाला, कधी म्हणालं हे लिहिल्याशिवाय पुढे सरकताच यायचं नाही. ते परत आणा, अर्धी घोकंपट्टी जाईल.

पाटीपेन्सिल: दादा, त्याचीही गाईडं मिळायचीच की, आणि त्यात रसाचा पत्ताच नसायचा.

कृष्णाकाठ: संदर्भच माहीत नाही तर रस कुठून येणार ताई?