वाइनचे भाव मोबाइलवर बघून दुकानदाराशी हुज्जत घालावी का?

हरिपूरचा_बाप्या
परवा सांगलीच्या विश्रामबागेत वाइन शॉपमध्ये उभा होतो. पुढचा तिशीतला गडी मोबाइल दुकानदाराच्या नाकापुढं धरून म्हणतोय, "ही बघा, फ्रान्सच्या बोर्दोची हीच बाटली लंडनला अडीच हजाराला. तुम्ही नऊ हजार कसे लावता?" दुकानदाराला उत्तर देता येईना. मला मात्र त्या गड्याचाच राग आला.

लंडनचा तो भाव बऱ्याचदा 'इन बाँड' असतो. म्हणजे तिथलं शुल्क आणि व्हॅट त्यात धरलेलाच नसतो, आणि तोही सहा-बारा बाटल्यांची पेटी उचलली तर. आपल्याकडं परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५०% आयात शुल्क, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, वाहतूक, घाऊकवाल्याचा वाटा. शिवाय बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षं कुठल्या हंगामाची ते, बघितलं का त्यानं? बोर्दोचं २०१० म्हणजे सोनं, २०१३ पावसानं आणि थंडीनं बिघडलेलं. लेबल तेच, भावात दुपटीचा फरक.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे साठवण. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीच्या पोटात, गार, कोरडी. हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यात पाणी शिरलं. तेव्हापासून मला कळतं की माल कुठं राहिला यावर त्याची किंमत असते. हे मोबाइलला कसं दिसणार?

हिशेबी_मिरज
बाप्यादादा, म्हणजे गिऱ्हाईकानं डोळे मिटून पाकीट उघडायचं? मागच्या उन्हाळ्यात एका दुकानात देशी रेड वाइनवर छापील किमतीपेक्षा साठ रुपये जास्त मागितले, 'कूलिंग'चे म्हणे. मोबाइलवर छापील किंमत दाखवली तेव्हा गप बसला. एमआरपीपेक्षा जास्त घेताच येत नाही, कूलिंग असो नाहीतर आरती.

दुसरं म्हणजे, ऑस्ट्रेलियाशी करार होऊन डिसेंबर २०२२ पासून तिथल्या महागातल्या वाइनवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं कमी होऊ लागलं. दुकानदार आपणहून सांगतो का? एका बाटलीचा भाव मोबाइलवर बघितला म्हणूनच मी दुसऱ्या दुकानात गेलो, आणि तिथं तीच बाटली चारशेनं स्वस्त मिळाली. तीच म्हणजे तीच: साल तेच, ७५० मिली तेच. मी शेंगा बघून भुईमूग म्हणणारा माणूस नाही.

कृष्णाकाठची
हिशेबी भाऊ, चारशे वाचले खरे, पण बाटली उभी होती का आडवी, ते बघितलंत का? उभी राहिली की बूच सुकतं.
मी एकदा स्वस्त दिसली म्हणून घेतली. दुकानात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, एप्रिलभर उभी. घरी आणून बघते तर बुचावरची पत्री चिकट, बूच दोन मिलिमीटर वर आलेलं. उन्हानं आतली वाइन फुगते, बूच ढकलते, पाझरते. ग्लासात ओतली तर उकडलेल्या मनुकांचा वास. फिरकीच्या टोपणाच्या देशी बाटलीला बूच ढकलण्याची भानगड नसते, पण उष्णता तिलाही बाधतेच.

गोवा_रिटर्न
एवढा खल कशाला? गोव्यातून येताना डिकीत घालून आणा, तिथं स्वस्त आहे.

हिशेबी_मिरज
@गोवा_रिटर्न परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे. नाक्यावर डिकी उघडायला लावली की कळेल स्वस्त काय असतं.

बेदाणा_सौदा
दोघंही अर्धंच बोलताय. मी तासगावच्या सौद्यात असतो. बॉक्स फोडून नमुना ताटात ओततात, व्यापारी मूठभर उचलतो, रंग बघतो, दोन मणी चावतो, मग बोली. मोबाइलवरच्या भावावर कुणी बेदाणा घेत नाही. पण एक सांगतो, तो व्यापारी सकाळी घरातून निघतानाच कालचा भाव तोंडपाठ करून आलेला असतो. आता बोला!

आणि वाइन ही चावून बघता येत नाही, हीच गोची. आमच्या भावकीतल्या दोघांनी पलूसचा वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांची वसाहत, येणार म्हणून राज्याच्या २००१ च्या वाइन धोरणानंतर वाइनची द्राक्षं लावली. पुढं माल घ्यायला कोणी नाही, बाग उपटली. ती द्राक्षं ना बेदाण्याची, ना खायला बाजारात चालणारी. म्हणून मला त्या बाटलीवरच्या किमतीकडं बघताना वेगळंच काहीतरी दिसतं, ते राहू दे.

हरिपूरचा_बाप्या
@बेदाणा_सौदा हे मानलं. भाव बघून जायला हरकत नाही. पण तो गडी भाव बघत नव्हता, फक्त आकडा बघत होता. साल विचारलं नाही, बाटली कुठं ठेवली होती तेही नाही.
@हिशेबी_मिरज साठ रुपयांबद्दल तुम्ही बरोबर. त्या कूलिंगचं बिल मागायचं होतं.

कृष्णाकाठची
बाप्याकाका, पण तुम्ही स्वतः काय घेतलंत त्या दिवशी?

हरिपूरचा_बाप्या
मेव्हण्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी बोर्दो. भाव न बघता.

कृष्णाकाठची
आणि ठेवलीय कुठं?

हरिपूरचा_बाप्या
फ्रीजच्या दारात, उभी.

कृष्णाकाठची
अहो काका!! दर पाच मिनिटांनी दार हलतंय. बाहेर काढा, पलंगाखाली गोणपाट घालून आडवी ठेवा.

हरिपूरचा_बाप्या
पलंगाखाली हिनं लोणच्याच्या बरण्या लावल्यात. विचारून सांगतो.