मदत हवी आहे: बायकार्बोनेटचा फुप्फुसात पुन्हा वायू कसा होतो?

पोरगी लातुरात राहून नीटची तयारी करतेय. रविवारी होस्टेलवरून फोन. "पप्पा, तुम्ही बी.एस्सी. ना, मग सांगा." माझी बी.एस्सी. कधीच औशातल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यात जमा झाली, म्हणून इथं विचारतो.

एनसीईआरटीत दिलंय की रक्तातला साधारण 70 टक्के कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन जातो, 20 ते 25 टक्के हिमोग्लोबिनला चिकटून आणि 7 टक्के प्लाझ्मात नुसता विरघळून. त्या 7 टक्क्यांचं कळतं, गोटी सोड्यासारखंच. पण बायकार्बोनेट तर मिठासारखं पाण्यात मुरून बसलेलं, ते श्वासावाटे उडणार कसं? वरून तांबड्या पेशीतलं कार्बोनिक अनहायड्रेज हे एकच विकर ऊतींपाशी एक काम करतं आणि फुप्फुसात नेमकं उलटं. आपण कुठं आलोत हे त्याला कसं कळतं? क्लासात विचारलं तर "पाठ कर" म्हणाले.

प्रतिसाद:
दादा, विकराला काही कळत नसतं. ते फक्त घाई करतं, दिशा ठरते कुठल्या बाजूला काय जास्त झालं त्यावर. ऊतींपाशी कार्बन डायऑक्साइडचा दाब 45 मिमी पारा, वायुकोशात 40. फरक 5चाच, पण हा वायू ऑक्सिजनपेक्षा वीसेक पट जास्त विरघळतो, त्यामुळं तेवढ्यात भागतं.

खरी गंमत हिमोग्लोबिनची. दुकानातच आहात, तर खाण्याचा सोडा घ्या, तो बायकार्बोनेटच. थंड पाण्यात टाका, गप्प बसतो. लिंबू पिळा, फसफसून वर येतो. त्या फेसातला वायू हाच. रक्तातलं लिंबू म्हणजे हायड्रोजन आयन. ऊतींपाशी बायकार्बोनेट बनताना सुटलेले हे आयन हिमोग्लोबिन धरून ठेवतं. फुप्फुसात त्याला ऑक्सिजन मिळाला की ते सोडून देतं, अन् पिळलं लिंबू! चिकटलेले ते 20-25 टक्केही तिथंच सुटायला लागतात. याला हाल्डेन परिणाम म्हणतात, 1914 सालचा. प्लाझ्मातलं बायकार्बोनेट त्यासाठी पेशीत परत येतं आणि बदल्यात क्लोराइड बाहेर जातं, हे मात्र तिनं विसरू नये.

धागाकर्ता:
गिऱ्हाईक थांबवून व्हिडिओ कॉलवर सोडा-लिंबू करून दाखवलं. काउंटर पुसतोय अजून. आता ती विचारतेय, श्वास रोखला तर रक्त आंबट होतं का?

प्रतिसाद:
आंबटाकडं झुकतं, जरासं. आणि तेव्हा जीव कासावीस होतो तो मुख्यतः त्यामुळंच, ऑक्सिजन तोवर बऱ्यापैकी शिल्लक असतो.